आजोबांची तिकिटं आणि दुकानदाराचा भाव : तिकिटाची 'कंडिशन' म्हणजे नेमकं काय पाहतात?

सक्करदऱ्याची_नात | ८ जून, रात्री ९:५०

नमस्कार. माझे आजोबा एम्प्रेस मिलच्या ऑफिसात कारकून होते. त्यांना जाऊन पंधरा वर्षं झाली. मागच्या दिवाळीनंतर आजीही गेली. तिचं कपाट आवरताना आजोबांचे तिकिटांचे दोन अल्बम आणि बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात जुनी पाकिटं सापडली.

अल्बममध्ये १९४७ चं झेंड्याचं 'जय हिंद' तिकीट आहे, अशोकस्तंभ आणि विमानाचंही आहे. १९४८ ची गांधीजींची तीन आहेत (दीड आणा, साडेतीन आणे, बारा आणे, दहा रुपयांचं नाही). सहाव्या जॉर्जची बरीच, आणि राणी व्हिक्टोरियाचं निळं अर्ध्या आण्याचं एक, ज्याला कडेचे दातेच नाहीत. एका ओळखीच्यांकडे तिकिटांच्या किमतींचा कॅटलॉग होता, त्यात बघून मी कागदावर बेरीज केली. मग एका दुकानदाराकडे गेले. त्याने चिमट्याने एकेक तिकीट उलटं केलं, पुढून जेमतेम पाहिलं, आणि माझ्या बेरजेच्या दहाव्या हिश्श्याहून कमी रक्कम सांगितली. म्हणाला, "माल जुना आहे, पण कंडिशन नाही."

मला तर सगळी स्वच्छ दिसतात. तो फसवत होता का? आणि मागची बाजू कशाला बघायची?

---

पाकीटवाला_काका | ८ जून, रात्री ११:१५

ताई, तिकिटं हातात न घेता तो भाव बरोबर की चूक हे सांगणार नाही. पण उलटं करून पाहिलं यात काही वावगं नाही, मीही तसंच करतो. पुढची बाजू चित्र दाखवते. त्या तिकिटाचं आयुष्य कसं गेलं, ते पाठीवर असतं.

तुमच्या आजोबांच्या पिढीने तिकिटं अल्बममध्ये लावली ती हिंजने. हिंज म्हणजे डिंक लावलेला पातळ कागदाचा छोटा तुकडा, अर्धा तिकिटाच्या पाठीला आणि अर्धा पानाला. तेव्हा सगळं जग तसंच लावायचं, त्यात त्यांचं काही चुकलं नाही. पण कोऱ्या तिकिटाच्या मूळ डिंकावर हिंजचा डाग आला की आजचा बाजार त्याला 'हिंज्ड' म्हणतो आणि भाव उतरतो. स्टॅन्ली गिबन्सच्या कॅटलॉगमध्ये जुन्या, म्हणजे पाचव्या जॉर्जपर्यंतच्या कोऱ्या तिकिटांची किंमत हलका हिंज लागलेला आहे असं धरून दिलेली असते. सहाव्या जॉर्जपासून पुढे मात्र ती हिंज न लागलेल्या तिकिटाची असते. तुमची १९४७-४८ ची तिकिटं या दुसऱ्या गटात येतात. म्हणजे तुम्ही जी बेरीज केली ती तुमच्याकडे नसलेल्या मालाची केली.

आणि कॅटलॉगची किंमत हा विक्रेत्याने ग्राहकाला विकायचा भाव. दुकानदार विकत घेताना त्याच्या कितीतरी खाली येणार.

आता घरी एक काम करा. चिमटा घ्या. भुवयांचा नको, त्याची टोकं कागद टोचतात. तिकिटांचा चपट्या टोकाचा वेगळा मिळतो. तिकीट उलटं करून दिव्यासमोर आडवं धरा. हिंज ओढून काढताना कागदाचा पापुद्रा निघाला असेल तर तिथे उजेड जास्त आरपार येतो. याला आम्ही 'थिन' म्हणतो. पुढून काहीच दिसत नाही. पण तिकिटाला भोक पडल्यासारखाच तो दोष मोजतात. मग दाते बघा, चारही कडांचे, विशेषतः कोपऱ्यांचे. एखादा दाता आखूड किंवा तुटका आहे का? घडी? मग डाग. हे सगळं झालं की इथे लिहा.

---

महालातला_भाऊ | ९ जून, सकाळी ७:४०

ताई, त्या निळ्या अर्ध्या आण्याच्या तिकिटाले दाते नाहीत ते बरोबरच आहे बरं का. १८५४ ची पहिली तिकिटं कलकत्त्याले छापली, त्याले दाते नव्हतेच. पोस्टातला बाबू कैचीने कापून द्यायचा. म्हणून त्याचा भाव समासावर असतो. चारही बाजूंनी चित्राबाहेर पांढरा कागद राहिला पाहिजे. एका बाजूले कैची चित्रात घुसली असंन तर किंमत पार बसते. फोटो टाका न.

---

सक्करदऱ्याची_नात | ९ जून, दुपारी १:०५

पाहिलं. निळ्या तिकिटाला तीन बाजूंना समास आहे, उजवीकडे कापणी चित्राच्या रेषेला टेकलेली. जय हिंदच्या पाठीवर हिंजचा चौकोनी ठसा. बारा आण्याच्या गांधींना दिव्यासमोर धरलं तर मधोमध फिकट ढग दिसतो, म्हणजे थिन. जॉर्जच्या बऱ्याच तिकिटांवर तांबूस ठिपके. मन खट्टू झालं खरं.

बरं, बिस्किटाच्या डब्यातली साठेक पाकिटं आहेत. काल चार पाकिटांवरची तिकिटं कोमट पाण्यात भिजवून काढली, छान सुटी झाली. आज उरलेली भिजवते, म्हणजे निदान तेवढी तरी बिनहिंजची होतील.

---

महालातला_भाऊ | ९ जून, दुपारी १:११

ताई, थांबा!! एकही पाकीट पाण्यात टाकू नका बाप्पा. आधी काकाजींले येऊ द्या.

---

पाकीटवाला_काका | ९ जून, दुपारी १:३०

जेवण अर्धवट ठेवून लिहितोय. भिजवू नका.

वापरलेल्या साध्या तिकिटाला सुटं काढलं की बहुतेक वेळा काही रुपयांचा तुकडा उरतो. पाकिटावर असताना त्याच्याबरोबर शिक्का असतो, गाव असतं, तारीख असते, पाठीवर पोचल्याचा शिक्का असतो, आणि टपालाचा दर किती लागला तेही कळतं. तिकीट भिजवलं की हे सगळं पाण्यात जातं आणि पुन्हा जोडता येत नाही. पाकिटं कुठली, कोणत्या सालातली आहेत, ते आधी सांगा.

---

सक्करदऱ्याची_नात | ९ जून, दुपारी २:२०

हात थरथरत आहेत. जी चार भिजवली ती गेलीच. उरलेली पंख्यापासून लांब टेबलावर मांडली आहेत.

बरीचशी आजोबांच्या मोठ्या भावाची पत्रं, ते मद्रासला रेल्वेत होते. १९४८ ते १९५३. काहींवर गांधीजींची दीड आण्याची तिकिटं. एकावर मद्रासचा ९ फेब्रुवारी १९४९ चा शिक्का आणि पाठीवर नागपूरचा. दोन-तीन कलकत्त्याची आहेत, त्यांवर निळी 'बाय एअर मेल' पट्टी.

---

पाकीटवाला_काका | ९ जून, दुपारी ४:००

ताई, १९४९ चा तो फेब्रुवारी नागपूरसाठी फार मोठा आहे. ३० जानेवारी १९४९ ला देशात रात्रीची हवाई टपाल सेवा सुरू झाली. दिल्ली, मुंबई, कलकत्ता आणि मद्रास या चार शहरांतून रात्री विमानं निघायची आणि मध्यरात्री आपल्या नागपुरात एकत्र यायची. इथे टपालाच्या थैल्यांची अदलाबदल व्हायची आणि विमानं पहाटेपर्यंत आपापल्या शहरी परत. संत्र्यांच्या आणि झिरो माइलच्या या गावाने देशाचं टपाल वर्षानुवर्षं रात्री जागून वाटलं. त्याच वर्षी १ एप्रिलपासून देशातल्या देशातली पत्रं वेगळा हवाई अधिभार न घेता विमानाने नेऊ लागले.

तुमचं पत्र विमानाने आलं की रेल्वेने, हे फक्त शिक्क्यांच्या तारखा, वेळा आणि लावलेल्या तिकिटांची बेरीज यांवरून ठरेल. म्हणूनच ते पाकीट जसंच्या तसं राहायला हवं. पाकिटाची अवस्था तिकिटासारखी मोजत नाहीत. फाडून उघडलेली कड चालते, पत्त्याची शाई फिकी चालते. मात्र शिक्का वाचता आला पाहिजे आणि तिकीट तिथेच मूळचं चिकटलेलं असलं पाहिजे.

कात्रीने कड सरळ करू नका. घड्यांवर सेलोटेप तर अजिबात नको. त्याचा गोंद काही वर्षांनी पिवळा पडून कागदात उतरतो आणि मग कशानेही निघत नाही.

---

दाते_मोजणारी | ९ जून, रात्री ८:२५

काकांचं सगळं पटतं, एक सोडून. बिनहिंजच्या डिंकाचं जे देवपण आज बाजारात आहे ते मला मान्य नाही. तिकीट म्हणजे छपाई आणि कागद. डिंक चाटून पाकिटावर चिकटवण्यासाठी होता. शंभर वर्षांपूर्वीच्या तिकिटाला कोरा चकचकीत डिंक दिसला तर मी खूश होण्याआधी घाबरते. हिंजचा डाग लपवायला किंवा शिक्का धुतलेलं तिकीट कोरं म्हणून विकायला नव्याने डिंक लावणारे लोक आहेत. दात्यांच्या टोकांशी भिंग लावलं तर कळतं. मूळ तिकिटाला आधी डिंक लावला आणि मग भोकं पाडली, त्यामुळे दात्यांच्या टोकाचे तंतू मोकळे आणि मऊ असतात. नंतर डिंक लावला तर तो तंतूंवर ओघळून टोक कडक होतं. बोटाच्या पेराला टोचतं.

आणि डिंक नेहमी तिकिटाचं भलं करतो असंही नाही. जर्मनीची १९३५ ची 'ओस्ट्रोपा' प्रदर्शनाची मिनिएचर शीट, म्हणजे तिकिटांचा छोटा ताव, बघा. तिच्या डिंकात गंधकाम्ल होतं, त्याने कागदच खाल्ला. जाणते लोक तिचा डिंक धुऊन ठेवायला सांगतात. तिथे बिनडिंकाची प्रत धडधाकट आणि डिंकाची प्रत आजारी.

---

पाकीटवाला_काका | ९ जून, रात्री ९:१०

ताई, ओस्ट्रोपाचं उदाहरण बिनतोड आहे. तरी ते अपवादाचं. तुम्ही आणि मी डिंकाला महत्त्व द्यावं की नाही हा आपला प्रश्न, पण विकायला जाणाऱ्या मुलीला बाजार काय मोजतो ते खरं सांगितलंच पाहिजे. अमेरिकेचं १९१८ चं उलट्या विमानाचं २४ सेंटचं तिकीट घ्या. छपाईत चुकलेला एकच १०० चा ताव पोस्टातून बाहेर पडला. त्यातल्या ४९ क्रमांकाच्या तिकिटाला कधी हिंज लागला नाही, अनेक दशकं ते बँकेच्या तिजोरीत उजेडाशिवाय राहिलं. नोव्हेंबर २०२३ मध्ये ते २० लाख डॉलरच्या वर गेलं. त्याच तावातली हिंज लागलेली, घडी पडलेली भावंडं त्याच्या बरीच खाली विकली जातात. छपाई तीच, चूक तीच. फरक फक्त कोणी कसं सांभाळलं याचा.

---

दाते_मोजणारी | ९ जून, रात्री ९:४५

आणि ब्रिटिश गियानाचं १८५६ चं एक सेंटचं किरमिजी तिकीट? कोपरे कापून अष्टकोनी झालेलं, रंग घासलेला, शाईने काळवंडलेलं, वर टपाल कारकुनाची अक्षरं. कंडिशन म्हणून कोणी हातात धरणार नाही. २०१४ मध्ये ९४ लाख ८० हजार डॉलरला गेलं, कारण जगात ते एकच आहे.

---

इतवारीकर | ९ जून, रात्री १०:३०

तुमचं दोघांचंही बरोबर आहे, पण मधली जागा सुटली. अवस्थेला किती वजन द्यायचं हे किती प्रती उरल्या आहेत यावर ठरतं. पेनी ब्लॅक जगातलं पहिलं तिकीट, १८४० चं, पण ते ६ कोटी ८० लाखांच्या वर छापलं गेलं. आजही कुठल्याही लिलावात मिळतं. म्हणून तिथे घेणारा निवडून घेतो. चारही समास रुंद, शिक्का हलका, कागद पूर्ण, असं असेल तर भाव एक. एका बाजूने कापलेलं, चुरगळलेलं असेल तर त्याचा अगदी लहानसा हिस्सा. प्रत भरपूर असली की दोष माफ होत नाही. आपल्याकडचं १८५२ चं सिंध डाक बघा. सिंधचा कमिशनर बार्टल फ्रियर याच्या काळात कराचीत निघालं. त्यातलं लाल तिकीट लाखेच्या पातळ चकतीवर उठावाने उमटवलेलं. लाख ठिसूळ, टपालात हाताळतानाच तडकायची. त्यामुळे लाल सिंध डाकला भेग आहे म्हणून कोणी नाक मुरडत नाही, ते निम्मं शाबूत मिळालं तरी नशीब. तसंच १८५४ चं चार आण्याचं दोन रंगी, ज्यात राणीचं डोकं उलटं छापलं गेलं. त्याच्या बहुतेक प्रती लोकांनी चौकटीच्या आकाराने अष्टकोनी कापलेल्याच आहेत. तरी लाखमोलाच्या. पण डोकं सरळ असलेलं तेच चार आण्याचं अष्टकोनी कापलं असेल तर कॅटलॉगच त्याचा भाव वेगळा आणि खूप कमी देतो.

प्रदर्शनातले परीक्षकही असंच बघतात. आंतरराष्ट्रीय नियमांत पारंपरिक गटाला १०० पैकी दुर्मीळपणाला २० गुण आणि अवस्थेला १०. मांडणीला फक्त ५. तिकिटं शोभून दिसण्यासाठी रंगीत पानं चिकटवत बसणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं असं वाटतं.

सक्करदऱ्याच्या ताईंचं जय हिंद भरपूर उपलब्ध आहे. म्हणून तिथे हिंज जड जातो.

---

नवा_गोळाकर्ता | १० जून, सकाळी ९:००

मध्येच विचारतो. माझ्याकडे २००६ चं चंदनाच्या वासाचं तिकीट आहे. वास गेला तर किंमत कमी होते का? आणि ताईंच्या आजोबांकडे नसलेल्या दहा रुपयांच्या गांधींचं काय, ते घ्यायचं असेल तर कसं ओळखायचं?

---

इतवारीकर | १० जून, सकाळी ९:२५

चंदनाचं तेव्हा हौसेने सगळ्यांनी घेऊन ठेवलं. वास टिकवायला पारदर्शक पाकिटात ठेवा, बोटाने घासू नका. किमतीची फार आशा धरू नका.

दहा रुपयांच्या गांधींची गोष्ट वेगळी. ही मालिका स्वित्झर्लंडच्या कुर्वाझिए छापखान्याने फोटोग्रॅव्हूर या छपाईपद्धतीने छापली. नकली बहुधा ऑफसेटवर असतात. भिंगाखाली खऱ्यात रंग सलग उतरलेला दिसतो, नकलीत सुट्या ठिपक्यांची जाळी. शिवाय खरं असूनही शिक्का धुऊन नवा डिंक लावलेलं मिळू शकतं. ओळखपाळख नसलेल्याकडून, प्रमाणपत्राशिवाय घेऊ नका.

---

दाते_मोजणारी | १० जून, सकाळी ११:४०

ताई, तुमच्या जॉर्जच्या तिकिटांवरचे तांबूस ठिपके राहून गेले. त्याला टोनिंग म्हणतात, आणि आपल्या नागपुरात ते बहुतेक घरांत एकाच कारणाने होतं: कूलर.

मे महिन्यात बाहेर ४५ अंश, हवा ठणठणीत कोरडी. कोरड्या हवेत डिंक आकसतो, तिकीट पन्हाळीसारखं वळतं. मग त्याच खोलीत संध्याकाळी कूलर लावला की वाळ्याच्या ताट्यांतून भिजलेली हवा रात्रभर अल्बमवर. कागद ओलावा पितो, सैलावतो. सकाळी कूलर बंद, पुन्हा कोरडं. दोन महिने रोज हे चक्र. त्यामागून जून संपता संपता पाऊस. बुरशीला याहून काय हवं? माझ्या वडिलांचा अख्खा सहाव्या जॉर्जचा संच असाच गेला. आम्ही त्याला कपाटात 'सुरक्षित' ठेवलं होतं. कपाट कूलरच्या खिडकीला लागून होतं, आणि ते कुणाच्या ध्यानात आलं नाही.

ठिपके ब्लीच करून घालवायचे उपाय कोणी सांगेल. ऐकू नका. ठिपका फिका होईल, कागदाचा जीव आणि रंगही जाईल, आणि जाणकाराला जांभळ्या (अल्ट्राव्हायोलेट) दिव्याखाली ते लगेच कळतं. मग डाग असलेलं तिकीट 'छेडछाड केलेलं' ठरतं, जे त्याहून वाईट. डागाळलेली तिकिटं फक्त वेगळ्या स्टॉकबुकात काढा, नाहीतर शेजाऱ्यांना लागण होते.

अल्बम उभे ठेवा, आडवे एकावर एक रचू नका, दाबाने डिंक पानाला चिकटतो. स्वस्त मऊ प्लॅस्टिकची पानं टाळा. त्या पीव्हीसीतला तेलकटपणा छपाईचा रंग ओढतो. पॉलिएस्टरची घ्या, महाग आहेत पण एकदाच घ्यायची. सिलिका जेलच्या पुड्या ठेवा आणि विसरू नका, त्या भरल्या की उलट ओलावा सोडतात. डांबरगोळ्या नकोतच. पावसाळ्यात अल्बम शक्यतो उघडू नका. दिवाळीनंतर, हवा छान कोरडी आणि गार झाली की एक दिवस पानं उलटून वारा द्या.

---

महालातला_भाऊ | १० जून, दुपारी १२:१०

हे कूलरचं मी पहिल्यांदा ऐकून राहिलो. माह्या अल्बम कूलरसमोरच्या फळीवरच आहे. आत्ताच उठून हलवतो.

---

सक्करदऱ्याची_नात | १२ जून, रात्री ९:३०

सगळ्यांचे आभार. अल्बम देवघराशेजारच्या भिंतीतल्या कपाटात हलवले, तिथे कूलर नाही आणि ती भिंत आतली आहे. डागाळलेली एकोणतीस तिकिटं वेगळी काढली.

काल आई आणि मी बसून पाकिटं तारखेने लावली. छप्पन्न आहेत. मद्रासच्या आजोबांच्या पत्रांतून चार जागा रिकाम्या राहिल्या, ती मी भिजवलेली. सुटी तिकिटं आणि उरलेले ओले कागद दोन्ही वाळवून एका पाकिटात ठेवले आहेत, निदान कुठलं तिकीट कुठल्या पत्रावरचं होतं ते पेन्सिलीने लिहून. एका पत्रात मोठ्या आजोबांनी लिहिलंय की तुझं पत्र काल निघून आज हातात आलं, विश्वास बसत नाही. पत्र मार्च १९४९ चं आहे.

विकायचा विचार सोडला. दुकानदाराला फोन करून सांगितलंही. निळ्या अर्ध्या आण्याचं काय करू ते ठरत नाही, एका बाजूला टेकलेलं असलं तरी मला ते आवडतं.

---

पाकीटवाला_काका | १२ जून, रात्री १०:०५

पोरी, पेन्सिलीने लिहिलंस हे फार चांगलं केलंस. त्या चार पत्रांचं आणि शिक्क्यांचं जे काही कागदावर उरलंय ते जपून ठेव.

"काल निघून आज हातात" हे वाक्य असलेलं पत्र आणि त्याचं पाकीट एकत्रच ठेव, वेगळं करू नकोस. पाठचा नागपूरचा शिक्का कोणत्या वेळेचा आहे ते भिंगाने बघ आणि इथे लिही. तिथे तास दिसला तर विमानाचं ठरवता येईल.

अर्ध्या आण्याचं ठेव. तीन समास मोकळे आहेत. हिंज पाठीला असेल तर ओढू नकोस, राहू दे तसाच. रविवारी सकाळी मोकळी असशील तर जी.पी.ओ.च्या, म्हणजे मोठ्या पोस्टाच्या, फिलाटेली (तिकीट-संग्राहकांच्या) काउंटरपासून चिमटा आणि पॉलिएस्टरच्या पट्ट्या कुठे मिळतील ते सांगतो, आईलाही घेऊन ये. पाकिटं मात्र घरीच ठेव, फोटो आण.

---

सक्करदऱ्याची_नात | १२ जून, रात्री १०:४०

काका, भिंगाने पाहिलं. तारीख स्वच्छ आहे. वेळेच्या जागी शाई पसरली आहे, पण सुरुवातीचा आकडा ७ दिसतो. पुढचं अक्षर ए की पी ते उद्या उजेडात बघून सांगते.